नऊ लाखांचे घर चौदा लाखांना का पडते?

पगार झाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत आमच्या शाखा कार्यालयात जी गर्दी होते, तिच्यात बदली, बढती आणि चार्जशीट यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय हमखास असतो. एखादा ट्रॅक मेंटेनर (आपल्या जुन्या भाषेत गँगमन) किंवा पॉइंट्समन बाकावर टेकतो, इकडचे तिकडचे बोलतो, चहा पितो आणि मग खाली मान घालून म्हणतो, "सेक्रेटरीसाहेब, सोसायटीतून अजून एक लाख निघतील का? स्लॅब पडला, पण पुढचे सगळे अडले आहे." (स्लॅब पडला म्हणजे टाकून झाला. कोसळला नव्हे, एवढे तरी बरे.)

आम्ही विचारतो, "अंदाज किती धरला होतास?" उत्तर ठरलेले असते: "ठेकेदार पंधराशे रुपये फूट म्हणाला होता."

बंधूंनो, हा अंदाज नव्हे. हा भाव झाला, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडचा. आपण रेल्वेत नोकरी करतो. फलाटावरच्या शेडचे चार पत्रे बदलायचे असले तरी आपल्याकडे आधी एस्टिमेट होते, ते मंजूर होते, काम झाले की मेजरमेंट बुकात लांबी-रुंदी-उंची चढते आणि मगच बिल निघते. पोस्टातल्या आपल्या भावांचेही तसेच. एका मनीऑर्डरीचा हिशेब रुपयाने चुकला तर संध्याकाळी काउंटर बंद होत नाही. सरकारच्या पैशाला एवढे जपणारे आपण स्वतःच्या आयुष्यातले सर्वात मोठे बांधकाम मात्र तोंडी भावावर काढतो आणि ते अर्धवट राहिले की नशिबाला दोष देतो.

हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही. आम्ही स्वतः असेच फसलो आहोत, ते आधी सांगितले पाहिजे.

२०१३ साली आम्ही घर बांधायला काढले. जागा खानदेशात, तापीकाठच्या काळ्या जमिनीत. खात्याकडून घरबांधणी कर्ज चार लाख ऐंशी हजार मिळणार होते आणि फंडातून एक लाख वीस हजार काढता येणार होते. बेरीज सहा लाख. म्हणून आम्ही घरही सहा लाखांचे ठरवले! म्हणजे अंदाज घरावरून काढला नाही, खिशावरून काढला. ठेकेदार गोडबोला होता. "साहेब, बसवून देतो सहा लाखांत," म्हणाला. युनियनच्या सेक्रेटरीने ठेकेदाराशी फुटा-इंचांवरून घासाघीस करावी हे आम्हाला कमीपणाचे वाटले. कागद झाला तो अर्ध्या पानाचा.

पाया चार फूट खोल धरला होता. चार फुटांवर काळी मातीच होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग ठेवले तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. मुरूम लागला साडेसात फुटांवर. खोदाई वाढली, कॉलमची लांबी वाढली, सळई वाढली, जोत्यात भरावाला लागणारा मुरूम वाढला. जोते वर येईपर्यंत जे पैसे विटांसाठी ठेवले होते ते जमिनीत गेले. त्यातच त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण परवान्याशिवाय नदीतली वाळू काढायला देशभर मनाई केली. मनाई योग्यच होती, नद्या खरवडून निघाल्या होत्या. पण ऐन कामाच्या दिवसांत आमच्या गावात वाळूची ट्रॉली रात्रीची येऊ लागली आणि भाव दुप्पट झाला.

घर पुरे झाले तेव्हा नऊ लाख चाळीस हजार खर्ची पडले होते. हा आकडा आम्हाला आमच्या वहीतून नाही, घरच्यांच्या वहीतून कळला. आमच्या सौ.नी पहिल्या दिवसापासून किराणाच्या वहीच्या मागच्या पानांवर गोणी-गोणीचा हिशेब लिहून ठेवला होता. सहा लाखांच्या वरचे तीन लाख चाळीस हजार आले कुठून? सोसायटी, मेहुण्याकडून हातउसने, आणि त्यांच्या पाटल्या. पाटल्या अजून परत झालेल्या नाहीत. आम्ही तेव्हा एवढे केले की वर मजला चढवू म्हणून कॉलमच्या सळ्या चार-चार फूट वर सोडून दिल्या आणि जिनाही बांधून घेतला. त्या सळ्या आज बारा वर्षे गंजत आहेत. जिना गच्चीवर जातो, तिथे आमचे पापड वाळतात. मुलगा नोकरीला पुण्यात, तो काही इथे वर मजला चढवायला येत नाही. दुमजलीसाठी फुटिंग मोठे लागले, कॉलम जाड लागले, जिन्याला सळई-सिमेंट लागले. न बांधलेल्या मजल्याचे पैसे आम्ही भरले आहेत.

आता पंधराशे रुपये फुटाकडे येऊ. ठेकेदार खोटे बोलतो का? आम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि ६०० चौरस फुटांचे, २० बाय ३० चे, एकमजली साधे घर मांडले. ढोबळ हिशेबाला गवंडी आणि इंजिनिअर जी परिमाणे वापरतात ती अशी: चौरस फुटाला सिमेंट ०.४ गोणी, सळई साडेतीन ते चार किलो, वाळू १.८ घनफूट आणि खडी १.३५ घनफूट. पुढचे दर आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत. ते खोडून तुमच्या गावचे घाला, पद्धत तीच राहील.

सिमेंट २४० गोण्या, ३७० रुपयांनी ८८,८००. सळई २,१०० किलो, ६० रुपयांनी १,२६,०००. वाळू ११ ब्रास, ६,००० ने ६६,०००. खडी ८ ब्रास, ४,००० ने ३२,०००. बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या साडेचार इंची आणि गच्चीचा कठडा धरून वीट सुमारे ११,०००, आठ रुपयांनी ८८,०००. हा माल झाला ४,००,८०० चा. गवंडी, सेंटरिंग, सळई बांधणारे आणि बिगारी यांची मजुरी चौरस फुटाला ३०० धरली तर १,८०,०००. इथवर सांगाडा आणि गिलावा झाला. मग फरशी ६०,०००, दारे-खिडक्या-ग्रील ९०,०००, नळकाम आणि संडास-बाथरूमचे सामान ६०,०००, वायरिंग ५०,०००, रंग ५०,०००, स्वयंपाकाचा ओटा २०,०००. एकूण ९,१०,८००.

पंधराशे गुणिले सहाशे किती? नऊ लाख. म्हणजे ठेकेदार खोटे बोलला नाही! आम्हालाही बेरीज करून होईपर्यंत ते वाटले नव्हते.

गोम 'घर' या शब्दात आहे. ठेकेदाराचे घर चार भिंती आणि रंग एवढ्यावर संपते. आपल्याला तिथे राहायचे असते. सेप्टिक टँक ६०,०००. वरची आणि खालची पाण्याची टाकी ३०,०००. नळ नसेल तर बोअर, पंपासह ८०,०००. कुंपणाची भिंत १,००,०००. जोत्यातला आणि अंगणातला मुरूम ४०,०००. नकाशा, इंजिनिअरची फी, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, विजेचे मीटर मिळून ५०,०००. हे झाले ३,६०,००० आणि यातला एकही रुपया पंधराशेच्या भावात नाही. बेरीज १२,७०,८००. तिच्यावर न कळणाऱ्या गोष्टींसाठी दहा टक्के धरा, कारण काळी माती कोणाला सांगून येत नाही. १३,९७,८८० झाले. चौदा लाखच म्हणा. नऊ लाखांच्या घराला पाच लाख कमी पडले, ते असे.

आणखी एक जागा आहे तिथे माणूस अडकतो. सहाशे फूट कुठले? कागदावर ते लिहिले नसेल तर ठेकेदार बिलाला स्लॅब मोजतो. स्लॅब भिंतींच्या बाहेर चारही बाजूंनी दीड-दीड फूट आलेला असतो. २० बाय ३० चे २३ बाय ३३ होतात, म्हणजे ७५९ चौरस फूट. पंधराशेने ११,३८,५०० झाले. घर तेवढेच, खोल्या तेवढ्याच, भाव तोच, आणि सव्वादोन लाखांहून जास्त वाढले. करारात एक ओळ असावी: मोजमाप भिंतीच्या बाहेरच्या अंगाचे धरायचे, छज्जा आणि स्लॅबचा पुढावा त्यात धरायचा नाही, किंवा धरायचा असेल तर किती धरायचा. ही ओळ फुकट आहे.

आता कर्जाकडे. २०१७ च्या नव्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला घरबांधणी अग्रिम मिळतो तो ३४ महिन्यांचे मूळ वेतन, २५ लाख रुपये, घराची प्रत्यक्ष किंमत आणि परतफेडीची ऐपत यांपैकी जे सर्वात कमी असेल तेवढा. त्याआधी मर्यादा साडेसात लाखांची होती, तेव्हा २५ लाख हा आकडा ऐकून सगळीकडे पेढे वाटले गेले. आम्हीही वाटले. पण २८,००० मूळ वेतनाच्या आपल्या माणसाला ३४ ने गुणून मिळतात ९,५२,०००. गंमत पाहा, ठेकेदाराचे नऊ लाख त्यात बरोबर बसतात. म्हणूनच तर माणूस हुरळतो आणि कुदळ मारतो.

त्याहून वाईट म्हणजे तो तोच नऊ लाखांचा आकडा अर्जात लिहितो. घराची किंमत नऊ लाख दाखवली की कर्ज नऊ लाखांच्या वर जात नाही, हे झाले शहरात. खेडेगावात जमीन व बांधकामाच्या खऱ्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंतच अग्रिम मिळतो. गाव शहराच्या परिघात येते असा दाखला खातेप्रमुखांनी दिला तरच सूट. म्हणजे नऊ लाखांच्या अंदाजावर गावात मिळणार ७,२०,०००. खरा चौदा लाखांचा अंदाज रीतसर लावला असता तर तेच ९,५२,००० पुरे मिळाले असते. अंदाज कमी दाखवण्यात आपण शहाणपणा समजतो आणि स्वतःच्या हाताने दोन-अडीच लाख सोडून देतो. ते मग बाहेरून दरमहा शेकडा दोन-तीनने उचलतो.

हप्त्याचेही एक सांगायला हवे, कारण पुष्कळांना ते कर्ज घेतल्यावर कळते. आधी मुद्दल १८० हप्त्यांत कापतात, म्हणजे ९,५२,००० ला महिना ५,२८९. व्याज सरळ, घटत्या शिलकीवर, आणि ते नंतरच्या ६० हप्त्यांत. २०१७ ला दर साडेआठ टक्के होता, २०२२-२३ साठी तो ७.१ वर आणला गेला. आपला मंजुरीचा दर कार्यालयातून लेखी बघून घ्यावा. साडेसात धरला तर पंधरा वर्षांचे व्याज सुमारे ५,३८,००० होते, साठ हप्त्यांत महिना जवळजवळ नऊ हजार. म्हणजे शेवटची पाच वर्षे हप्ता कमी होत नाही, वाढतो. चाळिशीच्या आत कर्ज घेणाऱ्याला ही वीस वर्षे नोकरीत मिळतात. पन्नाशीला घेणाऱ्याला मिळत नाहीत, हप्ता मोठा करून घ्यावा लागतो आणि जे उरेल ते ग्रॅच्युइटीतून जाते. आपण जन्मभर क्वार्टरमध्ये काढतो. निवृत्तीनंतर साध्या भाड्यावर चार महिने राहू देतात, पुढे कारण दाखवावे लागते आणि भाडेही वाढते, त्यानंतर दंडाचे भाडे चालू होते. त्या चार महिन्यांची आठवण माणसाला छप्पन्नाव्या वर्षी होते, आणि मग तो घाईने घर काढतो. घाईचे घर महाग पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

घर आणि जागा राष्ट्रपतींच्या नावे गहाण ठेवावी लागते, त्यामुळे जागेचे कागद स्वच्छ हवेत. वडिलोपार्जित जागेवर चार भावांची नावे असतील किंवा गुंठेवारीचा तुकडा नियमित झालेला नसेल, तर आधी ते काम करा. आम्ही अशा जागेवर जोत्यापर्यंत आलेले आणि तिथेच राहिलेले घर पाहिले आहे. जोत्यावर बाभळी आल्या आहेत.

जे आपले भाऊ महाराष्ट्राबाहेर आहेत, इटारसी-बीनाला, सिकंदराबादला, हुबळीला, त्यांचे दुखणे आणखी वेगळे. ते घर गावी बांधतात आणि देखरेख फोनवरून करतात. भाऊ किंवा मेहुणा फोटो पाठवतो, हे पैसे पाठवतात. फोटोत वाळूचा ढीग दिसतो, ब्रास दिसत नाही. आणि भाषाही निराळी. आपल्याकडे ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सिकंदराबादला प्लॉट गजाने विकतात, एक गज म्हणजे नऊ चौरस फूट. कुठे वाळू ट्रॉलीने, कुठे डंपरने. ट्रॉली हे माप नाही, ते वाहन आहे. तिची आतली लांबी, रुंदी आणि भरलेल्या मालाची उंची फुटांत मोजा, गुणा आणि शंभराने भागा. दहा फूट बाय सहा फूट ट्रॉलीत वाळू दीड फूट असेल तर ९० घनफूट झाले, म्हणजे पाऊण ब्रासच्या थोडे वर. बिल एका ब्रासचे येते.

त्यात ओल्या वाळूची चोरी निराळी. दमट वाळू फुगते, पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतही. सकाळी पाणी मारून आणलेली ट्रॉली काठोकाठ दिसते. सरळ बाटलीत ती वाळू भरा, उंचीची खूण करा, मग ती पाण्यात पूर्ण बुडवून हलवा आणि बसू द्या. किती खाली गेली ते दिसते. हा प्रयोग आम्हाला वर्क्स शाखेतल्या एका जुन्या मेटने शिकवला, त्याला शाळा चौथीपर्यंतचीच होती.

सळई डोळ्यांनी नव्हे, काट्यावर घ्यावी. आणि घरी पडताळावी: सळईच्या मिलिमीटरमधल्या जाडीला त्याच आकड्याने गुणा आणि १६२ ने भागा, एका मीटरचे किलो मिळतात. बारा मिलिमीटरला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. बारा मीटरची अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरली पाहिजे. थोडे इकडे तिकडे चालते, नऊ किलो भरली तर ती बारा मिलिमीटर नाही.

स्लॅबच्या दिवशी तर घरधन्याने आमंत्रितांना चहा पाजत बसू नये. २० बाय ३० चा पाच इंची स्लॅब २५० घनफूट होतो, अडीच ब्रास. एकास दीड, तीन या मिश्रणाला घनमीटरला आठ गोण्या धरल्या तर त्याला सुमारे ५७ गोण्या लागतात. बीम निराळे, पुढावा असेल तर तोही निराळा मोजायचा. हा आकडा आदल्या रात्री काढून ठेवला आणि रिकाम्या गोण्या मोजल्या की जास्त लागल्या तरी कळते, आणि कमी लागल्या तरी कळते. कमी लागल्या तर आनंद मानू नका. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट परत करावे. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे. दुकानदाराने तो पुरा खाली उतरवला तर वरच्या घराच्या २४० गोण्यांवर साडेसात हजारांच्या आसपास वाचतात. उतरवला की नाही ते पक्के बिल मागितल्याशिवाय कळणार नाही.

कोणी म्हणेल, बोनसमधून थोडे थोडे करू. रेल्वेचा ७८ दिवसांचा बोनस हातात येतो तो जास्तीत जास्त १७,९५१ रुपये, कारण हिशेबाला पगार अजून ७,००० चाच धरतात. त्यात वरच्या दराने तीन क्विंटल सळई येते. घराला एकवीस क्विंटल लागते. सात दसरे सळईतच जातील आणि पहिल्या वर्षीची सळई तोवर गंजेल.

आता संघटनेबद्दल, आणि इथे आमच्यासकट सर्वांना थोडे कडू वाटेल. आपण मेळाव्यांतून अग्रिमाची २५ लाखांची मर्यादा वाढवा अशी मागणी करतो. ती मर्यादा कोणाला आडवी येते? २५ लाखांना ३४ ने भागा. ज्याचे मूळ वेतन ७३,५२९ च्या वर आहे त्यालाच. ट्रॅकवर, यार्डात, सॉर्टिंग ऑफिसात आणि बीटवर जे आपले सभासद आहेत त्यांना २५ लाखांची भिंत दिसतही नाही. त्यांना ३४ चा गुणाकार अडवतो. पाच वर्षे नोकरी झालेला लेव्हल एकचा माणूस सहाव्या पायरीवर २०,९०० वर असतो. त्याला मिळणार ७,१०,६००. एवढ्यात आज सांगाडा आणि गिलावा होईल, दारे-खिडक्याही लागतील, पण फरशी, नळ आणि वायरिंगच्या आधी पैसे संपतील. या गुणाकारात महागाई भत्ता धरला आणि १ जुलै २०२५ चा ५८ टक्के घेतला, तर तोच आकडा ११,२२,७४८ होतो. सिमेंट महागाईच्या भावाने घ्यायचे आणि कर्ज महागाई वगळून द्यायचे, हा न्याय कुठला? आठव्या वेतन आयोगापुढे मागणी न्यायची असेल तर हीच न्यावी: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. २५ लाखांचे काय करायचे ते मोठ्या पगारवाल्यांच्या संघटना बघतील.

आणि दुसरे. कर्ज मिळवून देण्यात आपण पटाईत झालो, फॉर्म भरून देतो, जामीनदार शोधून देतो, साहेबांकडे फाइल हलवतो. पण त्या माणसाच्या घराचा कागद आपण एकदाही उघडून पाहत नाही. आमच्या शाखेत गेल्या कित्येक वर्षांत जेवढे अर्ज आमच्या सहीने गेले, त्यांतल्या एकाचेही एस्टिमेट आम्ही वाचले नव्हते. कोणीतरी स्टेशनसमोरच्या इंजिनिअरकडून कर्जाच्या आकड्याला जुळणारा कागद करून आणायचा आणि आम्ही सही करायची. हे आम्ही आता बंद केले आहे. वर्क्समधले दोन निवृत्त सुपरवायझर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कार्यालयात बसतात. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची आणून ठेवली आहे, आणि शेजारी एक जाड वही, जिच्यात ज्याने ज्याने नुकते घर बांधले त्याने वीट, वाळू, सळई, मजुरी कोणत्या महिन्यात काय भावाने घेतली ते लिहायचे. दरसूचीतला दर आणि वहीतला दर यांत बराच फरक पडतो. खरा वहीतला. आर.एम.एस.चे भाऊ त्याच फलाटावर आहेत, तेही येऊ लागले आहेत.

पहिल्या रविवारी एक पॉइंट्समन आला, मूळ वेतन २८,०००, पंधराशे रुपये फुटाच्या भावाने सहाशे फुटांचे ठरवून. दोन तास बसवले. चौदा लाखांचा आकडा पाहून तो गप्पच झाला आणि आम्हाला वाटले, आता हा घर सोडून देतो की काय. दुसऱ्या महिन्यात बायकोला घेऊन आला. तिने एक खोली कमी केली होती, १६ बाय ३० चे ४८० फूट. जिना काढला. कुंपणाच्या भिंतीऐवजी शेतातले तारेचे कुंपण धरले. आमच्या सुपरवायझरांनी पुन्हा मांडले: घर ७,२८,६४०, सेप्टिक टँक-बोअर-परवानगी वगैरे २,६०,०००, वर दहा टक्के, मिळून १०,८७,५०४. अग्रिम ९,५२,०००. कमी पडतात १,३५,५०४. ते पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे येत्या मार्चमध्ये येणार आहेत, म्हणून त्याने फुटिंग मार्चपर्यंत थांबवायचे ठरवले. आधी एक खड्डा मात्र खोदून पाहिला. सहा फुटांवर मुरूम लागला, तो आकडा आम्ही वहीत घेतला.

परवा त्याचा फोन आला होता. जोत्यासाठी मुरूम टाकायला सुरुवात केली आहे म्हणाला. पहिल्या दोन ट्रॉल्या टेप लावून घेतल्या, तिसरी पाऊण भरली म्हणून परत पाठवली. ट्रॉलीवाला चिडला होता, पण संध्याकाळी भरून घेऊन आला.